वेगळी चूल

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही घराच्या मागच्या अंगाला एक खोली बांधली. गोष्ट एवढीच आहे. खोली बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद, तिला लागून न्हाणीघर आणि संडास, वर मंगलोरी कौले, पुढे एक बुटका ओटा. किन्हवलीसारख्या गावात शिमगा उलटला की अशी कितीतरी बांधकामे निघतात आणि मृगापूर्वी उरकतात. त्यांवर कोणी लेख लिहीत नाही, आणि लिहू नये हेच बरे. पण या एका खोलीने मला वर्ष-दीड वर्ष पुरेसे झोपू दिले नाही, म्हणून हा उपद्व्याप.

मिस्त्रीला बोलावले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "कशासाठी बांधायची?" प्रश्न रास्त होता. गोठा असेल तर जमिनीला उतार हवा, भाडेकरू ठेवायचा असेल तर वेगळा मीटर, दुकानाचा गाळा असेल तर शटर. मी म्हणालो, "आईसाठी." कागदावर आकडे मांडता मांडता त्याची पेन्सिल थांबली. त्याने एकदा घराकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि "बरं" म्हणाला. त्या एका "बरं"मध्ये गाव माझ्याविषयी पुढे काय बोलणार आहे ते सगळे मला ऐकू आले.

कारण अशी खोली आमच्याकडे नवी नाही. तालुक्यातल्याच एका गावी मी लग्नकार्याला गेलो होतो. मांडव पुढच्या अंगणात पडला होता. हात धुवायला म्हणून मागे गेलो, तर गोठ्याला टेकून पत्र्याची एक खोली. दाराला बाहेरून कडी. आत घरचा म्हातारा. कडी कशासाठी, तर "रात्री उठून भटकतात." असेलही. जेवणाचे ताट दाराच्या फटीशी ठेवले होते आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. आमची खोली आणि ती खोली यांत वीट-सिमेंटाचा हिशेब मांडला तर फरक कशाचा? आमच्या खोलीला खर्च थोडा अधिक आला, एवढाच! मग एकीला अन्याय म्हणायचे आणि दुसरीला सेवा म्हणायचे, हे कशाच्या बळावर?

आता थोडी घरची हकीकत सांगणे भाग आहे. आमची जागा दोन गुंठ्यांची. म्हणजे दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर चौरस फूट. त्यात घर, त्यात तुळस, त्यात शेवगा. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. पगारातून पैसे बाजूला टाकून त्यांनी ही जागा घेतली ती आईच्या नावाने. तिच्यावर कारवीच्या कुडाचे घर उभे राहिले. त्या कुडाला माती आणि शेण आईनेच लिंपले. वडील गेल्यावर, २००९ साली, मी ते घर पाडून पक्के घर बांधले. मी तेव्हा कल्याणला नोकरीला होतो. पहाटेची एस्‌. टी., आसनगावहून लोकल, रात्री उलट क्रमाने तेच. कर्ज मिळायला जागा माझ्या नावावर असती तर सोयीचे, असे ठरले. मी आईला शहापूरला नेले आणि तिने बक्षीसपत्रावर सही केली. "वाचून दाखवू का?" असे मी विचारले होते. ती म्हणाली, "तू वाचलंस ना? मग झालं." त्यानंतर या विषयाचा शब्द तिने कधी काढला नाही. मीही विसरलो होतो. पायाची आखणी करायला चुनकळी टाकली तेव्हा मला आठवले की ज्या जमिनीतली एकशे वीस चौरस फूट मी आईला मोठ्या मनाने देत आहे, ती जमीन मुळात तिचीच होती.

आणि खोली मी देऊ केलेलीही नव्हती. ती तिने मागितली होती.

एका रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "मला मागं एक खोली बांधून दे." मला वाटले ऐकण्यात चूक झाली. माझी पत्नी भांडी आवरीत होती, तिच्या हातातला डबा तसाच राहिला. "काय कमी पडलं इथं?" मी विचारले. "कमी काही नाही." "मग कोणी काही बोललं का?" "नाही रे बाबा." "मग?" त्यावर ती जरा वेळाने म्हणाली, "मला माझं दार पाहिजे."

या वाक्याचा अर्थ मला लागायला सहा महिने लागले. वास्तविक तो रोज फाटकापाशी दिसत होता. पूर्वीच्या घराला पडवी होती. डोळखांबच्या बाजूच्या वाड्यापाड्यांवरून बाजाराला येणाऱ्या बाया पाटी उतरवून त्या पडवीत टेकायच्या. ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या. करवंदे, कंटोळी, मोहाची फुले, पहिला पाऊस पडला की शेवळे. शेवळे विकत घेणे हा एका वाक्याचा व्यवहार नव्हे; ती कुठल्या रानातली, खाजरी किती, बरोबर काकडे आणलीत का, सुनेला दिवस गेलेत का, इतके सगळे बोलून मग भाव ठरतो. आई त्यांना पाणी द्यायची, चहा द्यायची, त्या तिला गावोगावच्या बातम्या द्यायच्या. मी पक्के घर बांधले, त्याला लोखंडी फाटक लावले, आत गुळगुळीत पांढऱ्या फरश्या घातल्या. कोणी त्या बायांना "येऊ नका" म्हटले नाही. फरशीनेच ते काम केले. त्या फाटकाबाहेरून "आजी, ओ आजी" अशी हाक मारायच्या, आणि आई गुडघे धरीत येऊन, एका हाताने फाटकाची गजाळी पकडून, उभ्या उभ्या सौदा करायची. बारा-तेरा वर्षे ती अशी उभी राहिली. मी रोज कल्याणहून दमून येत होतो, तेव्हा मला ते दिसले नाही, अशी सबब मी स्वतःला सांगतो. निवृत्त होऊनही मला दिसले नव्हते.

तेव्हा मला वाटू लागले की वृद्धांना कोठे ठेवावे, हा प्रश्नच आपण चुकीचा मांडतो. "ठेवणे" हे क्रियापद वस्तूंसाठी आहे. विचारायचे ते हे, की जायचे की राहायचे हे ठरवले कोणी.

महाभारताच्या शेवटाकडे हा प्रश्न आला आहे आणि तो तिथे फार निष्ठुरपणे मांडला आहे. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या आश्रयाने राजवाड्यात राहिला. मान होता, अन्नवस्त्राला तोटा नव्हता. पण भीम त्याला ऐकू जाईल अशा बेताने आपल्या दंडांची फुशारकी मारायचा, ज्या दंडांनी त्याचे पुत्र मारले त्या दंडांची. म्हातारा वनात निघाला. युधिष्ठिराने पुष्कळ विनवले. पण त्याला भीमाचे बोलणे माहीतच नव्हते. घरातल्या कर्त्याला घरात काय चालते ते बहुधा माहीत नसते. याच वेळी कुंतीही निघाली. तिला कोणी टोचून बोलले नव्हते. मुलगे रडले, तिने युद्धाला उभे केले आणि आता राज्य आल्यावर ती टाकून जाते, म्हणून रागावलेही. ती म्हणाली की तुमची दैना होऊ नये म्हणून मी तुम्हांला उठवले. पतीच्या काळी राज्य मी पुरेसे भोगले आहे, मुलांनी जिंकलेल्या राज्याचा उपभोग मला नको. वाट एकच, वनही एकच; पण धृतराष्ट्र घालवला गेला आणि कुंती गेली. आपण दोघांनाही "वानप्रस्थ" हा एकच शब्द वापरतो, आणि त्या शब्दाच्या पडद्याआड किती धृतराष्ट्र गोठ्याशेजारी जाऊन बसले असतील ते कोण मोजणार?

इतर देशांनी हा मामला इतका भावनेवर सोडलेला दिसत नाही. स्वित्झर्लंडच्या बर्न भागात शेतकऱ्याच्या मोठ्या घराजवळ एक लहान, नेटके घर असते. त्याला श्टॉक्ली म्हणतात. शेती मुलाच्या हाती दिली की म्हातारा-म्हातारी तिथे राहायला जातात. त्यात कोणाला लाज नाही. जर्मन खेड्यांत तर पूर्वी करारच होत. वर्षाला धान्य किती, दूध किती, सरपण किती, सगळे लिहून. जपानात घरातल्या कर्त्याने कर्तेपण सोडून बाजूला होणे याला इन्क्यो म्हणत. १८९८ च्या त्यांच्या नागरी कायद्यात त्याला जागा होती, ती १९४७ साली काढून टाकली. आईने मुलाशी सरपणाचा करार करावा, हे वाचून पहिल्यांदा मला हसू आले. नंतर ते बक्षीसपत्र आठवले आणि हसू गेले. आपल्याकडेही २००७ सालापासून आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. "मला सांभाळशील" या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, परत घेता येते. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका मातेने मुलाला दिलेले बक्षीसपत्र असेच रद्द ठरवून जागा तिला परत देवविली. माझ्या आईने अट घातली नव्हती. अट न घालणारा माणूस अधिक सुरक्षित असतो की कमी? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. माझे उत्तर मी अजून शोधतो आहे.

असो. मी खोलीला तयार झालो. पण खरी लढाई पुढेच होती. ती झाली चुलीवरून.

आईला खोलीत एक शेगडी हवी होती, आणि बाहेर ओट्याच्या टोकाला पडवी काढून मातीची चूल. शेगडीला माझी हरकत नव्हती, चहापाण्याला असू दे. पण चूल? "तुझे डोळे बघ, तुझा खोकला बघ," असे मी म्हणालो. ते खरे होते. पण ते कारण नव्हते. आपल्या भाषेत "वेगळी खोली" याला काही अर्थ नाही, पण "वेगळी चूल" म्हटले की संपले. भाऊ वेगळे निघाले हे चुलीवरून कळते. सरकारसुद्धा घर भिंतींवरून मोजत नाही. खानेसुमारीचा गणक विचारतो की तुमचे जेवण एका स्वयंपाकघरात होते काय? एका छपराखाली दोन चुली असल्या तर ती दोन कुटुंबे. म्हणजे पुढची मोजणी होईल तेव्हा माझी आई माझ्या कुटुंबात नसेल. ती एका माणसाचे वेगळे कुटुंब असेल. हे काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना.

पत्नीला तर ते फारच लागले. तिची बाजू मी मांडली नाही तर तिच्यावर अन्याय होईल. तीस वर्षे तिने सासूला वेळच्या वेळी जेवू घातले आहे, पथ्यपाणी सांभाळले आहे. ती एकच वाक्य बोलली, "माझ्या हातचं गोड लागत नाही, असंच ना?" गावात बोल लागणार तोही तिलाच. सासू वेगळी झाली की मुलाला कोणी विचारत नाही, सुनेचे नाव होते. स्वातंत्र्य एकाचे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, हा न्याय आहे काय? मी आईला हे बोलून दाखवले. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी ती सुनेजवळ जाऊन बसली. त्यांचे काय बोलणे झाले ते मला दोघींनीही सांगितलेले नाही. संध्याकाळी पत्नी म्हणाली, "चूल घाला त्यांना. मीच माती आणून देते." ती असेही म्हणाली, की "तुम्हांला नाही कळायचं." ते मात्र खरे असावे.

दुसरा वाद पैशांचा. वडिलांच्या मागे आईला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. कौलांचे आणि दाराचे पैसे मी देणार, असे ती म्हणाली. मी चिडलो. मुलगा असताना आईने पैसे द्यायचे म्हणजे माझी काय अब्रू राहिली? ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या अब्रूला वर छप्पर आहे रे. मला माझं घालू दे." मी दार तिच्या पैशाने केले. सागवानी आहे, दोन फळ्यांचे, बाजाराच्या वाटेकडे उघडणारे. उंबरठा ठेवायचा नाही असे मी ठरवले होते, पाय अडकून पडू नये म्हणून. तिने बोटभर उंचीचा का होईना पण ठेवायला लावला. उंबरठ्यावाचून दार म्हणजे भोक, असे तिचे म्हणणे.

बांधकामाच्या इतर कटकटी सांगत नाही. घर बांधलेल्या प्रत्येकाला त्या ठाऊक आहेत. पाण्याचे मात्र सांगतो. एप्रिलात भिंतींवर पाणी मारायची वेळ आली आणि विहिरीने तळ दाखवला. आम्ही टँकर विकत घेतला. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, ज्यांच्या पाण्यावर मुंबई जगते, त्या तालुक्यातल्या कितीतरी वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघत बसतात. देणाऱ्याच्या घरी हंडा रिकामा, हे आमच्याकडे १८९२ पासूनचे आहे. तानसा त्या साली पुरा झाला. टँकरवाला पाणी सोडत होता तेव्हा आई ओट्याच्या जोत्यावर बसून बघत होती. मला उगीचच तिची आणि या तालुक्याची सांगड घालावीशी वाटली, पण हा विचार फार साहित्यिक झाला म्हणून मी तो सोडून दिला.

मृगाच्या आठ दिवस आधी आई खोलीत राहायला गेली. घराच्या मागच्या दारापासून तिच्या ओट्यापर्यंत बारा पावले होतात. मी मोजली आहेत. जोसेफ शेल्डन नावाच्या एका इंग्रज डॉक्टराने वुल्व्हरहॅम्प्टन या शहरातल्या वृद्धांची घरोघर जाऊन पाहणी केली आणि १९४८ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. म्हातारी माणसे मुलांच्या "जवळ" राहतात म्हणजे किती जवळ, हे ठरवायला त्याने एक मोठे मजेदार माप घेतले. एका घरातले गरम जेवण दुसऱ्या घरी पुन्हा न तापवता नेता आले, की ती घरे जवळ. मला ते माप फार आवडले. बारा पावलांत आमटीची वाफसुद्धा मोडत नाही. त्या मापाने आम्ही उत्तीर्ण होतो, आणि गावाने काहीही म्हटले तरी आमची आई आमच्याजवळच होती.

गावाने म्हणायचे ते म्हटलेच. पण बाजाराच्या दिवशी तिच्या ओट्यावर चार-चार पाट्या उतरू लागल्या. शेणाने सारवलेला तो ओटा, त्यावर बसलेल्या बाया, मध्ये आई. दिवाळीला तिने आपल्या चुलीवर करंज्या तळल्या आणि ताटावर रुमाल झाकून, शेजारणीने पाठवावे तसे, आमच्याकडे पाठवले. पत्नीने ताट रिकामे परत धाडले नाही. मग ते ताट वर्षभर जात-येत राहिले. मला वाटले, प्रश्न सुटला.

यंदाच्या श्रावणात आई तापाने फणफणली आणि आम्हांला दोन दिवस कळले नाही.

बारा पावलांवर दोन दिवस कळले नाही, हे मी पुन्हा एकदा लिहितो. पाऊस सारखा पडत होता. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या चुलीचा धूर दिसला की पत्नी म्हणायची, "उठल्या." ही आमची रोजची खूण झाली होती. त्या दोन्ही दिवशी धूर दिसला. तिसऱ्या दिवशी दूध द्यायला पत्नी गेली तर आई भिंतीकडे तोंड करून निजलेली, अंग पोळत होते. चुलीवर नुसते पाण्याचे पातेले. तिने स्वयंपाक केलाच नव्हता. आम्ही घाबरून धावत येऊ नये म्हणून ती उठून, चूल पेटवून, पुन्हा येऊन पडत होती.

ती बरी झाल्यावर मी फार रागावलो. "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तू विचारलंस का?"

कुंतीच्या कथेचा शेवट आपण सहसा सांगत नाही. वनात वणवा लागला आणि कुंती, गांधारी, धृतराष्ट्र त्यात गेले. नारदाने येऊन ही बातमी सांगितली तेव्हा युधिष्ठिराने जो आक्रोश केला तो आता मला वेगळ्या रीतीने कळतो. आईला तिच्या इच्छेने जाऊ दिले, हे धर्माला धरून होते. पण आग लागली तेव्हा आपण तिथे नव्हतो, याचे उत्तर त्या धर्मात नाही. कुंतीला थांबवायला हवे होते काय? मला तसे वाटत नाही. तिला जाऊ दिल्यावर युधिष्ठिराचे काम संपले होते काय? तसेही वाटत नाही. एका घरात होतो तेव्हा आईला काही विचारावेच लागत नसे. खोकला ऐकू यायचा, ताटात उरलेली भाकरी दिसायची. आम्ही त्याला प्रेम म्हणत होतो. त्यातला बराच भाग नुसता भिंत नसण्याचा होता. मधे बारा पावले आली आणि जे आपोआप घडत होते ते उठून, चालत जाऊन करणे आले. शेल्डनचे माप आमटीला लागू पडते. चौकशी किती अंतरावर निवते याचे माप त्याने दिलेले नाही.

कडीचाही वाद झाला. रात्री आतून कडी लावू नकोस, असे मी म्हणालो. तिने साफ नकार दिला. गोठ्याशेजारच्या त्या म्हाताऱ्याची बाहेरची कडी माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी पुढे बोललो नाही. सुतार म्हणाला की बाहेरून किल्लीने उघडेल असे कुलूप बसवता येते, किल्ली तुमच्याकडे राहील. आईला विचारले. ती म्हणाली, "किल्ली सुनेकडे दे." तेवढे झाले आहे. किल्ली पत्नीच्या पदराला असते आणि ती अजून एकदाही वापरलेली नाही.

आता मी रोज पहाटे उठून मागच्या ओट्यावर जातो. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "विचारायला आलास?" मी म्हणालो, "चहा प्यायला." तिने निमूटपणे आधणात आणखी कपभर पाणी ओतले. परवा बाजाराचा दिवस होता. मी गेलो तेव्हा एक कातकरी बाई आधीच येऊन बसली होती, पाटीत कंटोळी होती आणि गोष्ट अगदी रंगात आली होती. मला पाहून ती सावरून उठू लागली. आई तिला म्हणाली, "बस गं तू. तो चहा घेऊन जाईल आता."

मी चहा घेतला आणि निघालो.